घडाघडा वाचतो पण कळत नाही, बोलतो भरपूर पण वाक्य लिहीत नाही : नेमकं अडतंय कुठे?

तक्रार ठरलेली असते. "धडा घडाघडा वाचतो हो, पण काय वाचलंस विचारलं की गप्प." नाहीतर, "दिवसभर तोंडाला विसावा नाही, आणि पाच ओळी लिही म्हटलं की अर्ध्या तासात एक ओळ." सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना मी बरीच वर्षं वाचायला-लिहायला शिकवते आहे. अशी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा उताऱ्यांच्या दोन-तीन वह्या त्यांनी आधीच भरलेल्या असतात. वह्या भरल्या की महिनाभर बरं चालतं, नवं पुस्तक हातात आलं की गाडी पुन्हा तिथेच.

पुन्हा तिथेच येते, कारण "आकलन कच्चं आहे" म्हणणं म्हणजे नुसतं "ताप आहे" म्हणणं. कशाचा ताप ते कुणी पाहिलेलंच नसतं, आणि औषध मात्र सगळ्यांना एकच : अजून उतारे, अजून प्रश्न. म्हणून उतारे दोन आठवडे बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करा.

दहा मिनिटांची तपासणी

मुलाने आधी न पाहिलेले दोन छोटे उतारे घ्या, तीस-चाळीस शब्दांचे. पहिला तुम्ही वाचून दाखवा, कागद त्याला दिसू देऊ नका. दुसरा त्याला मोठ्याने वाचू द्या. दोन्हींवर दोन-तीन प्रश्न तोंडीच विचारा. त्यातला एक तरी असा हवा, की ज्याचं उत्तर उताऱ्यात छापलेलं नाही. मी वापरते तो एक उतारा असा :

"अचानक पावसाची सर आली. मीराने खिडकीतून हात बाहेर काढला आणि पटकन आत घेतला. ती दाराकडे गेली. दाराआडचा खिळा रिकामाच होता. 'दादाने नेली वाटतं,' ती पुटपुटली आणि पुन्हा खिडकीत येऊन बसली."

प्रश्न : दादाने काय नेलं? मीराला बाहेर जायचं होतं का? कशावरून?

"छत्री" हा शब्द उताऱ्यात कुठेही नाही. ज्याला उतारा कळला, त्याला छत्री दिसते. एक मुलगा म्हणाला, "रेनकोट." मी विचारलं, "रेनकोट नेला म्हणतात की नेली?" त्याने स्वतःशी पुटपुटून पाहिलं आणि हसला. दुसरी एक मुलगी म्हणाली, "चप्पल." तिचं "नेली"शी जुळतं होतं, पावसाशी थोडंफार जुळतं होतं, खिळ्याशी मात्र नाही. चुकीचं उत्तरसुद्धा किती सांगून जातं बघा : तिने दोन धागे पकडले होते, तिसरा सुटला होता. "छत्री" असं पाठ केलेलं उत्तर मिळण्यापेक्षा मला ही चप्पल जास्त उपयोगाची वाटते.

आता निकाल कसा वाचायचा. ऐकलेलं नीट कळलं, स्वतः वाचलेलं कळलं नाही, तर अडचण अक्षरांपाशी आहे. ऐकलेलंही कळलं नाही, तर अडचण भाषेत किंवा धागे जोडण्यात आहे. कितीही वाचन घेतलंत तरी ती वाचनाने एकट्याने सुटणार नाही. दोन्ही कळलं आणि फक्त लिहिताना गाडी अडली, तर सरळ लेखनाच्या भागाकडे जा.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली ही गोष्ट एका साध्या सूत्रात मांडली : वाचनाचं आकलन म्हणजे शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी हाती शून्यच. घडाघडा वाचणारा आणि गप्प बसणारा मुलगा या गणितात चपखल बसतो.

अडखळत वाचतो, म्हणून कळत नाही

हा प्रकार त्यातल्या त्यात सोपा. मुलाची सगळी ताकद अक्षरं ओळखण्यात जाते आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मराठीत तर क्रियापद शेवटी येतं, म्हणजे वाक्याचं गुपित शेवटच्या शब्दात उघडतं. तिथवर दम टिकला नाही, की सगळंच हातचं गेलं.

आपल्या लिपीचे काही सापळेही आहेत. "किती"मधली पहिली वेलांटी क-च्या आधी काढलेली दिसते, उच्चार मात्र क-नंतर. "वर्ग"मधला रफार ग-च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारायचा ग-च्या आधी, म्हणून मुलं "वगर" वाचतात. जोडाक्षरं तर वेगळंच प्रकरण. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेलं काम २००७ साली प्रसिद्ध झालं. अशा लिप्यांमध्ये अक्षरांचा संचच मोठा असल्यामुळे तो पक्का व्हायला प्राथमिक शाळेतली बरीच वर्षं जातात, हे त्यातून स्पष्ट दिसलं. तेव्हा दुसरीतलं मूल जोडाक्षरापाशी थांबलं तर लगेच घाबरून जाऊ नका.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो : तोच छोटा उतारा तीन दिवस, रोज दोनदा. पहिल्यांदा तुम्ही आणि मूल एका सुरात, मग त्याने एकट्याने. अडलेला शब्द तुम्ही सांगून टाका, तिथे अक्षर अक्षर फोडत बसू नका. तो शब्द बाजूला लिहून ठेवा आणि वाचन संपल्यावर त्याच्याशी पाच मिनिटं खेळा. आणि या काळात आकलनाचं काम बंद ठेवायचं नाही, ते कानाने चालू ठेवायचं. मुलाला वाचता येतं त्यापेक्षा दोन पायऱ्या वरच्या गोष्टी वाचून दाखवा. वाचता येत नाही म्हणून त्याला "हे बदक. बदक पांढरे." यातच अडकवून ठेवलंत, तर दोन वर्षांनी गुणाकारातला दुसरा आकडाही लहान झालेला असेल.

घडाघडा वाचतो, तरी कळत नाही

खरी गुंतागुंत इथे आहे. आधी एक गंमत करून पाहा. हे वाक्य वाचा :

"काल दुपारी एक ढमळा टिप्पूर चिमडीवर मचकळला आणि तिचा फुरळा केला."

आता सांगा : टिप्पूर कसा होता? तो कधी मचकळला? कशावर? चिमडीचं काय झालं? चारही उत्तरं बरोबर आली ना? पैकीच्या पैकी. आणि कळलं काय, तर काहीही नाही. वह्यांमधले बहुतेक प्रश्न याच जातीचे असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचं उचलून लिहायचं, ही युक्ती मुलं आपणहून शिकतात. ती आळशी नसतात, हुशार असतात. आपण त्यांना तेच शिकवलेलं असतं. म्हणून प्रश्न बदलले पाहिजेत : "असं का झालं असेल?", "हे तुला कशावरून वाटलं, बोट ठेव", "याच्या आधी काय घडलं असेल?" दिवसाला असा एक प्रश्न पुरे.

यापलीकडे मला नेहमी सापडणारी ठिकाणं सांगते.

पहिलं, क्रियापदाची शेपटी. मराठीत कर्ता खुशाल गाळता येतो. "दार उघडलं. आत आली. दिवा लावला आणि मटकन बसली." कोण? एक मुलगी किंवा बाई, हे फक्त "आली" आणि "बसली" सांगतात. भरभर वाचणारी मुलं शब्दाची सुरुवात पाहून शेवट अंदाजाने म्हणतात, आणि "आली"चं "आला" झालं की गोष्टीतलं माणूसच बदलतं. त्यात पुस्तकी भाषेची भर. मूल बोलताना "मांजर पडलं" म्हणतं, पुस्तकात असतं "मांजर पडले". आणि "मुलगे पडले" हेही तसंच दिसतं. मग एक की अनेक? आदरार्थी बहुवचन तर विचारूच नका. "आजोबा आले" वाचून एका पोराने मला गंभीरपणे विचारलं होतं, "किती?"

यावर उपाय म्हणजे शेपटीचा खेळ. कर्ता झाकून फक्त क्रियापदं दाखवायची : पळाली, पळाले, पळाल्या, पळाला. कोण कोण असू शकेल ते मुलाने सांगायचं. "पळाले"ला "मुलगे", "वासरू" आणि "आजोबा" अशी तिन्ही उत्तरं आली, की समजा रस्ता मोकळा होतोय.

दुसरं, सर्वनामं. "राजूने बंटीला चेंडू दिला. त्याने तो भिंतीवर मारला." मारला कुणी? "तो" म्हणजे काय? मोठ्यांना हा प्रश्नच वाटत नाही. मुलांना चक्क दोन "त" दिसतात. पेन्सिल घेऊन प्रत्येक त्याने-तिला-तो-ते पासून ज्याच्याबद्दल आहे त्या नावापर्यंत बाण काढायला लावा. आठवडाभर रोज पाच बाण. इतक्या लहान कामाचा इतका परिणाम मी दुसऱ्या कुठल्या अभ्यासात पाहिलेला नाही.

तिसरं, डोळ्यांसमोर चित्रच उभं राहत नाही. यावरचा माझा आवडता उपाय म्हणजे मांडणी. बटणं, खोडरबर, पेन्सिलीची टोपणं, जे असेल ते घ्या. हे बटण मीरा, ती टोपणाची खिडकी, तिकडे दार. मूल एक वाक्य वाचतं आणि बटण हलवतं. "हात बाहेर काढला आणि पटकन आत घेतला" इथे एका मुलीने बटण हलवलं, थांबली आणि म्हणाली, "ओला झाला म्हणून." कुणी विचारलं नव्हतं. आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ साली पहिली-दुसरीच्या मुलांवर नेमकं हेच करून पाहिलं होतं. खेळण्यांनी वाक्य घडवून दाखवणाऱ्या मुलांना मजकूर जास्त कळला आणि जास्त लक्षात राहिला. खेळणी काढून घेतल्यावर ती मनातल्या मनात हलवायला सांगितली, तरी फायदा झाला. तेव्हा दोन आठवड्यांनी बटणं काढून घ्यायची आणि म्हणायचं, "आता डोक्यात हलव." बटणांचीच सवय लावून ठेवायची नाही.

चौथं, विषयच ओळखीचा नसतो. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि छोट्या मैदानावर लाकडी खेळाडू हलवून डाव दाखवायला सांगितला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. याचा साधा अर्थ असा, की मुंग्यांच्या वारुळावरचा उतारा कळला नाही तर दोष दर वेळी वाचनाचा नसतो. आधी वारुळाबद्दल दोन मिनिटं बोला, चित्र दाखवा आणि मग वाचायला द्या. ही फसवणूक नाही. एकाच विषयावरच्या तीन-चार छोट्या गोष्टी ओळीने वाचल्या तर चौथ्या गोष्टीपर्यंत मूल तरबेज झालेलं असतं. रोज नवा विषय देणाऱ्या वह्यांचं म्हणूनच मला कौतुक नाही.

वाक्य लिहीत नाही

इथेही आधी एक छोटी परीक्षा. मुलाला एक चित्र दाखवा आणि त्यावर एक वाक्य बोलायला सांगा. मग तुम्ही एक वाक्य सांगा, ते त्याने ऐकून लिहायचं. शेवटी त्याने स्वतःचं वाक्य लिहायचं. बोलतानाच अडत असेल तर वही मिटा, बोलण्यावर काम करा. बोलतो छान पण ऐकलेलं लिहिता येत नसेल, तर हात आणि अक्षरं कच्ची आहेत. ही दोन्ही जमतात आणि स्वतःचं तेवढं जमत नाही, तर वाक्य डोक्यातून कागदावर येईपर्यंत वाटेत सांडतंय.

हे सांडणं फार नेहमीचं. "पांढरा कुत्रा चेंडूच्या मागे धावत सुटला" असं झकास वाक्य मुलगी बोलली, लिहायला बसली, "पांढरा" मधल्या अनुस्वारापाशी अडली, ते निस्तरलं, आणि मग वर पाहून म्हणाली, "पुढे काय होतं?" कागदावर शेवटी उरलं : "कुत्रा धावला." आपण म्हणतो कल्पनाशक्ती नाही. कल्पनाशक्ती होती, अनुस्वाराने खाल्ली.

मी असं करते. वाक्य आधी दोनदा मोठ्याने म्हणायचं. मग एकेका शब्दाला एकेक बोट मिटायचं : पांढरा, कुत्रा, चेंडूच्या, मागे, धावत, सुटला. सहा बोटं. कागदावर सहा आडव्या रेघा, लांब शब्दाला लांब रेघ. मग रेघांवर शब्द. पुढचं विसरलं तरी किती उरलंय ते डोळ्यांना दिसतं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक लिहिताना दाखवायची नाही, जीभ चावून गप्प बसायचं. लिहून झाल्यावर त्यानेच बोट ठेवून वाचायचं. गाळलेला शब्द तिथे आपोआप सापडतो. चुका सुधारायच्या त्या एका दिवसात एकाच प्रकारच्या. आज पूर्णविराम, तर फक्त पूर्णविराम.

रेघांचा आणखी एक फायदा होतो. "झाडा वर", "मुला ने" असं तोडून लिहिणारी मुलं बोटं मोजतानाच चूक पकडतात. "वर"साठी वेगळं बोट निघालं की विचारायचं, "चेंडू झाडावर अडकला, यात बोटं किती?"

"ने" आला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं, इथे तर चांगली बोलणारी मुलंही गडबडतात : "मुलीने चेंडू फेकली." नियम सांगू नका. तीन वस्तू घ्या आणि फेका. मुलीने चेंडू फेकला, मुलीने बाटली फेकली, मुलीने पुस्तक फेकलं. आता मुलाने फेकायचं. काही बदललं का? फेकाफेकीत हे पाच मिनिटांत कळतं. घरात मराठी कमी बोलली जात असेल तर जरा जास्त दिवस लागतात, इतकंच.

आता ती दुसरी तक्रार : "लिहितो, पण सगळी वाक्यं सारखी." मी उठलो. मी दात घासले. मी शाळेत गेलो. किंवा याच्या उलट, "आणि मग"ची आगगाडी, जिला स्टेशनच नाही. दोन्हींचं कारण एकच, मुलाकडे जोडायला "आणि मग"शिवाय काहीच नाही. म्हणून दोन सुटी वाक्यं द्या आणि एक करायला सांगा. कुत्रा भुंकला. मांजर पळालं. याचं काय काय होतं? कुत्रा भुंकला म्हणून मांजर पळालं. कुत्रा भुंकल्यावर मांजर पळालं. कुत्रा भुंकताच मांजर पळालं. कुत्रा भुंकला तरी मांजर पळालं नाही! हे शेवटचं सुचलं की मुलं खूश होतात, कारण त्यात मांजराचा स्वभाव येतो. वाक्यं जोडण्याचा हा सराव काही नवा नाही. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली लेखनाच्या अध्यापनावरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उपयोगी ठरलेल्या पद्धतींत हीही होती. ते अभ्यास चौथीपासून पुढच्या मुलांवरचे होते. पण तोंडी खेळ म्हणून सात वर्षांच्या मुलांना हे सहज जमतं, असा माझा अनुभव आहे. लिहायचं त्यातलं आवडलेलं एकच.

मग वाचन आणि लेखन एका दाव्याला बांधायचं. वाचलेल्या गोष्टीतली एक अर्धी ओळ द्या आणि तीन शेवट मागा :

मीरा पुन्हा खिडकीत येऊन बसली, कारण…
मीरा पुन्हा खिडकीत येऊन बसली, पण…
मीराला छत्री मिळाली नाही, म्हणून…

"कारण" आणि "म्हणून" यांची अदलाबदल होते का ते नीट पाहा. "मीरा खिडकीत बसली म्हणून दादाने छत्री नेली" असं आलं, तर लेखन चुकलेलं नाही, घटनांचा क्रम उलटा समजला आहे. बटणं पुन्हा बाहेर काढा. आकलन तपासायला यापेक्षा चांगला प्रश्न मला माहीत नाही, आणि यात शेजारचं वाक्य उचलून लिहिताच येत नाही.

पुन्हा तीच अडचण आली तर

महिन्याने तीच तपासणी नव्या उताऱ्यांवर करा आणि आधीच्या नोंदीशेजारी ठेवा. अडचण बहुतेक वेळा जागा बदलते. अडखळणं संपलं की सर्वनामं दिसायला लागतात, ती सुटली की अनोळखी विषय. पालकांना वाटतं "काहीच फरक नाही", कारण गप्प बसणं तसंच दिसतं. सुट्टीनंतर मागे गेलेलं मूल मात्र बहुतेक वेळा फक्त गतीत मागे गेलेलं असतं. आठवडाभर जुने ओळखीचे उतारे वाचले की येतं रुळावर.

ऐकलेलंही सातत्याने कळत नसेल, वारंवार "काय?" म्हणत असेल, तर आधी कान तपासून घ्या. ओळ सुटत असेल, डोळे चोळत असेल तर डोळे. नियमित सराव करूनही काही महिने अक्षरांपाशीच अडून राहिलं तर वाचनदोष तपासणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. "होईल मोठा झाला की" म्हणत वर्ष घालवू नका.

रोज पंधरा मिनिटं पुरतात : पाच वाचून दाखवण्याची, पाच त्याच्या वाचनाची, पाच एका वाक्याची. दमलेलं असेल त्या दिवशी वाचून दाखवणं तेवढं ठेवा, बाकी सोडा. आणि वाचता वाचता मूल मध्येच थांबून "हे नाही कळलं" म्हणालं, तर त्या दिवशी उतारा पुरा झाला नाही तरी चालेल. तिथेच थांबून त्या एका ओळीवर बोला.